गाडीत रुसलेला नवरदेव

बाहेर आमचे आबा तोंड फाडून ओरडत होते आणि मला त्यांचा एक शब्द ऐकू येत नव्हता. त्यांच्या शेजारी आत्या कपाळावर हात मारून घेत होती, तोही बिनआवाजाचा. बँडवाले गाल फुगवून फुंकत होते आणि आत नुसती बारीक भुणभुण येत होती. माझ्या गाडीच्या काचा दुहेरी होत्या. 'बाहेर तोफ उडाली तरी आत कळणार नाही,' असं मी ती गाडी घेतल्यावर ज्याला त्याला कौतुकानं सांगत सुटलो होतो. आता मीच डोक्याला बाशिंग, खांद्यावर शेला, हातात लिंबू टोचलेली कट्यार अशा थाटात मागच्या सीटवर बसलो होतो. मे महिन्याचं ऊन टपावर तापत होतं. माझं स्वतःचं लग्न समोरच्या मांडवात माझी वाट बघत होतं. आणि गाडीची चारी दारं बंद.

बंद म्हणजे पक्की कुलूपबंद. आतनं खटका ओढला की नुसता 'टक' वाजायचा, दार ढिम्म. काचा बटणाच्या, त्याही चावीशिवाय उतरेनात.

आता या गाडीचं आधी सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला मीच खुळा वाटायचा. माझं कराडात शेतीपंपांचं दुकान आहे. कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला बैलांच्या शर्यतीचा, मला जर्मन गाड्यांचा. नव्या नव्हेत. नवी घ्यायची ऐपत नाही, आणि नव्या गाडीत ती मजाही नाही. दोन-तीन हात फिरलेली, दिसायला साधी चार दारांची, पण आत सहा सिलिंडरांचं इंजिन असं, की खंबाटकीच्या घाटात पाय दाबला की पोटात गोळा यावा! कंपनीचं नाव मी घेत नाही. जे झालं त्यात तिचा काडीचा दोष नव्हता.

पुण्याच्या एका हाडांच्या डॉक्टरकडनं मी ती घेतली. चावी देताना डॉक्टरांनी चक्क डोळे पुसले. मला वाटलं, केवढं हे प्रेम! माझ्याबरोबर आमचा पोपटमामा आला होता, तो कानात म्हणाला, "सुटलो म्हणून रडतोय रं त्यो."

गाडी बुटकी होती. गतिरोधक आला की मी आबांना आणि आत्याला खाली उतरवायचो, गाडी तिरकी करून मुंगीच्या पावलानं पलीकडं न्यायचो आणि मग त्यांना परत बसवून घ्यायचो. आबा गावभर सांगत फिरायचे, "पोरानं मला गाडीतनं साताऱ्याला नेलं. निम्मा मी चालतच गेलो."

पण मला तिचं सगळंच कौतुक. डॉक्टरांनी एकदा पुढचं दार रंगवून घेतलं होतं, तेव्हा रंगाऱ्यानं किल्लीचं भोकच बुजवून टाकलेलं. इतकं सफाईदार, की बोट फिरवलं तरी कळू नये. चावीही एकच मिळाली होती. काही बिघडत नव्हतं. चावीवरचं बटण एकदा दाबलं की दारं बंद. दोनदा दाबलं की अशी बंद, की आतनंसुद्धा उघडत नाहीत. चोरानं काच फोडून आत हात घातला तरी हात हलवत परत जावं म्हणून ही सोय. मी ती सगळ्यांना करून दाखवायचो. पोपटमामाला तर जरा जास्तच दाखवली.

आणि आता दमयंतीचं सांगतो.

दमयंती म्हणजे जगदाळे गुरुजींची धाकटी. गुरुजी पिंपळखिंडीच्या शाळेतनं निवृत्त झालेले. ती हायस्कुलात सायन्स शिकवायची. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा सगळ्यांनी आम्हा दोघांना परड्यात बोलायला पाठवलं. मी आपला गाडीचं इंजिन किती शांत चालतं हे सांगायच्या तयारीत होतो, तर तिनंच सुरुवात केली.

"माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात रुसला होता," ती म्हणाली. "मोटरसायकल पाहिजे म्हणाला. वडलांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, विहिरीजवळचा तुकडा विकला आणि दिली. तर पुढं दर सणाला रुसायला लागला. आता ताई आमच्याकडंच असते. तेव्हा आधीच सांगते, तुम्ही एक नारळ जरी वरचा मागितलात तर मी पाटावरनं उठून जाणार. मग कोण काय म्हणेल ते म्हणू दे."

मी म्हटलं, "मला काय कमी आहे? माझ्याकडं गाडी आहे."

ती हसली. खरं सांगतो, मला ती तिथंच फार आवडली. तोपर्यंत आयुष्यात मला इतकं कुणी आवडलं नव्हतं, इंजिन असलेलं सोडून.

तर लग्नाचा दिवस. आमच्याकडं नवरदेव आधी मारुतीच्या पाया पडायला जातो आणि तिथनं वाजत-गाजत मांडवात येतो. बाशिंग बांधून गाडी चालवता येत नाही, म्हणून काळजावर दगड ठेवून मी चावी पोपटमामाच्या हातात दिली. मामानं जन्मभर ट्रक चालवलेला. मांडवाच्या दारात गाडी थांबली. माझी बहीण सुनंदा करवली होती, ती दिवा घेऊन उतरली आणि सासूबाईंना ओवाळायला बोलवायला गेली. नवऱ्यानं तोवर गाडीतच बसायचं असतं. मामा उतरला, तंबाखू मळायला बाजूला चालला, आणि जाता जाता ट्रकवाल्याची सवय हो, माल सोडून जायचं तर आधी कुलूप! त्यानं हात मागं करून बटण दाबलं. एकदा दाबलं, आणि खात्री व्हावी म्हणून परत एकदा.

आत बसलेला माल मी होतो.

सासूबाई ताट घेऊन आल्या. सुनंदानं दार ओढलं, उघडेना. मी आतनं ढकललं, उघडेना. ती काचेला तोंड लावून काहीतरी बोलली. इथनं पुढचं बाहेरचं बोलणं जे सांगतो, ते मला नंतर सुनंदानं शब्दन् शब्द सांगितलं. त्या घटकेला मला फक्त तोंडं हलताना दिसत होती.

सुनंदा म्हणाली होती, "दादा, उघड की!"

मी मान हलवली. म्हणजे मला म्हणायचं होतं, उघडत नाही.

"नको म्हणतोय," सुनंदा मागं वळून म्हणाली.

आणि इथं दमयंतीचे चुलते पुढं आले. बापूकाका. प्रत्येक लग्नात एक माणूस असा असतो, ज्याला सगळ्यांच्या मनातलं कळतं. बापूकाकांनी काचेतनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि गर्दीकडं वळून जाहीर केलं, "नवरदेव रुसलाय."

झालं! क्षणात बातमी मांडवभर गेली. बायका पदर सावरून पुढं आल्या, पोरं बॉनेटवर चढायला लागली. मी पोरांवर ओरडलो, "अरे, रंग जाईल!" बाहेर दिसलं ते नवरदेवाचं लालबुंद तोंड.

आमच्या आत्यानं तरी सावरायचं की नाही? ती म्हणाली, "रुसू दे की! आयुष्यात एकदाच रुसतो माणूस. त्याचे आबा तर माझ्या भावजयीच्या दारात अंगठीवर रुसले होते."

आबा म्हणाले, "तू गप गं!"

आत माझा जीव कासावीस व्हायला लागला. घाम बाशिंगाखालनं ओघळून डोळ्यांत जायला लागला. मी गळ्याला दोन्ही हात लावले आणि जीभ बाहेर काढून दाखवली. गुदमरतोय, असं.

बापूकाका म्हणाले, "गळ्यातलं मागतोय. चेन."

"चेन ठरलीच नव्हती," आबा म्हणाले.

"म्हणून तर रुसलाय," बापूकाका म्हणाले. "हरकत नाही, गुरुजी, माझ्या थोरल्याच्या गळ्यातली काढून देतो. आधी उतरू दे त्याला." आणि खरोखरच त्यांनी कुणाच्या तरी गळ्यातनं चेन काढून काचेसमोर धरून हलवली, म्हशीला पेंड दाखवावी तशी.

मी जोरात हात हलवून नको म्हटलं.

"कमी आहे म्हणतोय," बापूकाका म्हणाले.

माझ्या मनात आलं, चावी! पोपटमामाकडं चावी आहे, त्याला बोलवायला सांगावं. मी अंगठा आणि बोट जुळवून हवेत चावी फिरवून दाखवली. मग स्टेअरिंग धरल्यासारखे हात केले, मामा चालवत होता ना, म्हणून. परत चावी फिरवली. इतक्या सोप्या खुणा पहिलीच्या पोराला कळल्या असत्या.

बापूकाका दोन पावलं मागं सरकले. "आयला," ते म्हणाले, "गाडी मागतोय!"

यावर आत्याच म्हणाली, "अवं, गाडीत बसूनच गाडी मागतोय?"

"ही जुनी आहे ना," बापूकाका म्हणाले. "नवी पाहिजे असणार. मला पहिल्यापासनंच शंका होती. दुसऱ्याची वापरलेली गाडी कोण शहाणा माणूस हौसेनं घेतो?"

तेवढ्यात पोपटमामा तंबाखू झाडत आला. मी काचेवर थापा मारून त्याला बोलवायला लागलो. मामानं ऐटीत चावी पुढं केली, बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. चावीवर फुंकर घातली, मांडीवर आपटली. चावीतला बटणाएवढा सेल नेमका त्याच मुहूर्तावर मेला होता. मामानं किल्लीचं भोक शोधायला दारावर हात फिरवला, भोक कुठलं सापडायला! मग तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "मी उघडंच ठेवून गेलतो. आतनंच लावून घेतलंय त्यानं."

त्या माणसाला जीव गेला तरी आठवेना की बटण त्यानंच दाबलंय. सवयीचं काम हातानं केलं, डोक्याला पत्ताच नाही.

मी पुढच्या सीटवर उडी मारली, म्हणजे बाशिंग आणि शेल्यासकट दोन सीटांच्या मधनं कसाबसा घरंगळलो, आणि हॉर्न दाबला. हॉर्न वाजला! केवढा आनंद झाला मला. बँडमास्तरला वाटलं ही आपल्याला खूण, त्यानं काठी वर केली आणि बँड दुप्पट जोरात सुरू झाला.

शेवटचा उपाय म्हणून कट्यार घेतली. काच फोडायची माझ्या जिवावर आली होती. ती काच इथं मिळत नाही, जर्मनीवरनं मागवावी लागते. तरी म्हटलं, एक कोपरा हळूच फोडावा. पातं मोडू नये म्हणून कट्यार उलटी धरली आणि मुठीनं काचेवर मारायला लागलो. उलटी धरल्यावर पात्याचं टोक माझ्याच पोटाकडं आलं, हे माझ्या लक्षात आलं नाही. बाहेरच्यांच्या आलं.

"पोटात घालून घेतोय!" सासूबाई ओवाळणीच्या ताटासकट खाली बसल्या. "गाडीपायी जीव देतोय हो!"

आणि तेव्हा गुरुजी पुढं आले. इतका वेळ ते एका बाजूला उभे होते. ते गाडीच्या समोर येऊन उभे राहिले, माझ्या डोळ्याला डोळा दिला, आणि डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्यांनी बॉनेटवर ठेवली. मग हात जोडले. ओठ हलत होते. सुनंदानं सांगितलं म्हणून मला कळलं, ते म्हणत होते, "पुढच्या साली देतो. शब्द आहे माझा. आज उतरा."

मला आवाज ऐकू येत नव्हता, पण टोपी दिसत होती. त्या सज्जन माणसानं जन्मभर पोरांना पाढे शिकवले, आणि आज एका मोडक्या दाराच्या गाडीपुढं उघड्या डोक्यानं उभा राहिलाय. मी रडायला लागलो. जर्मनी गेली खड्ड्यात म्हटलं, काच गेली खड्ड्यात. सीट मागं पाडली, आडवा झालो, आणि दोन्ही पाय जुळवून समोरच्या काचेवर जीव खाऊन लाथ मारली. आणखी एक मारली. काच हूं का चूं करेना. तिसरीच्या हिसक्यानं बाशिंग सुटून खाली घसरलं आणि नाकापर्यंत आलं. डोळ्यांपुढं नुसता काळोख, तोंडात मुंडावळीचे मणी.

बाहेर दिसलं ते असं, की गुरुजींनी टोपी ठेवली आणि जावई त्या टोपीला लाथा मारतोय.

त्यानंतर म्हणे बँडसुद्धा थांबला. दमयंती आत पाटावर बसली होती, तिला कुणीतरी जाऊन सांगितलं. ती उठली. 'मुली, बस, बस,' म्हणून बायका आडव्या आल्या, त्यांना बाजूला सारून ती हळदीच्या जागेकडं गेली. तिथं हळद कांडायचं मुसळ होतं, आंब्याचा टाळा आणि हळकुंड बांधलेलं, खाली लोखंडी वेढं बसवलेलं. ते तिनं उचललं. भरजरी शालू, हातभर हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्या आणि खांद्यावर मुसळ, अशी नवरी गाडीकडं निघाली तेव्हा गर्दी आपोआप दोन बाजूंना झाली.

मी बाशिंगाच्या अंधारात बाहेर काय चाललंय या विचारात होतो, तेवढ्यात कानाशी दणका बसला. मग दुसरा. आणि तिसऱ्याला दाराची काच खळ्ळकन माझ्या अंगावर आली, पाठोपाठ चोराची घंटा कोकलायला लागली, आणि बाहेरचा सगळा गलका, ऊन, वारा एकदम आत घुसला.

"काय पाहिजे तुम्हाला?" तिचा आवाज. संतापानं कापत होता, पण 'तुम्हाला' सुटलं नव्हतं. "आत्ताच्या आत्ता सांगा! काय पाहिजे?"

मी तोंडातले मणी थुंकून म्हटलं, "हवा!"

"एसी," बापूकाका म्हणाले. "एसी मागतोय."

मी चाचपडत फुटलेल्या काचेतनं डोकं बाहेर काढलं, शेला कशाततरी अडकला, तो फाडला आणि धाडकन रस्त्यावर पडलो. समोर कुणाचे तरी पाय हाताला लागले. मी ते घट्ट धरले आणि ढसाढसा रडत म्हटलं, "मला काही नको! चेन नको, गाडी नको, काही नको! दार लागलं होतं हो! आधी टोपी घाला, तुम्हाला माझी शपथ आहे, टोपी घाला डोक्यावर!"

ते पाय बँडमास्तरचे होते. त्या बिचाऱ्यानं घाबरून आपली लाल झुपक्याची टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर घट्ट दाबली.

मग कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटतं सासूबाईच. सुनंदानं माझं बाशिंग वर केलं. पोपटमामा चावीकडं बघत उभा होता, आणि त्याच्या तोंडावर हळूहळू उजेड पडत गेला. "आयला," तो म्हणाला, "सवयीनं मीच दाबलं की काय?" आबांनी त्याला तिथंच दोन शिव्या हासडल्या. गुरुजींना दोघा-तिघांनी तीनतीनदा समजावून सांगितलं, की पोरगं गुदमरत होतं, रुसलं नव्हतं. बॉनेटवरची टोपी त्यांनी उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि मला उठवायला हात दिला.

बापूकाका चेन हातात धरून अजून उभेच होते. "मग आता ही कुणाला द्यायची?" ते म्हणाले.

मी दमयंतीकडं बघितलं. ती मुसळ टेकून धापा टाकत उभी होती. माझ्याकडं ती बराच वेळ बघत राहिली. माझ्या आयुष्यात मी इतका कशाला भ्यालो नाही. मग तिनं मुसळ बापूकाकांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "चला. मुहूर्त टळेल."

लग्न लागलं. गाडीला जर्मनीवरनं काच येईपर्यंत दाराला खताची प्लास्टिकची पिशवी चिकटवून आम्ही देवदर्शनाला फिरलो. पुढं ती गाडी गेली, तिच्यानंतर तसल्याच आणखी आल्या. नाद तो नाद. माझ्या दारात एखादी तरी जर्मन म्हातारी खोकत उभी असतेच, आणि दमयंती आता स्वतः गतिरोधक आला की न सांगता उतरते.

पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली होती. ती म्हणजे, तिला कसं कळलं? सगळ्या मांडवात कुणाला कळलं नाही, आणि ही बरोबर मुसळ घेऊन मला सोडवायला आली. मला त्याचा फार अभिमान. चारचौघांत मी सांगायचो, "आमच्या हिनं मनातलं ओळखलं." परवा संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "एक सांगू का? इतकी वर्षं ऐकून घेतलं. मी तुम्हाला सोडवायला नव्हते आले."

"मग?"

"लग्न मोडायला आले होते. आप्पांच्या टोपीला तुम्ही लाथ मारली असं सांगितलं मला. म्हटलं, लग्न तर मोडतेच, पण जाता जाता याच्या जिवाला लागेल असं काहीतरी फोडून जाते. तुमच्या जिवाला लागेल असं तिथं दुसरं काय होतं? तुम्ही अडकलाय हे मला काच फुटल्यावर कळलं."

"अडकलोय कळलं, म्हणून लग्नाला उभी राहिलीस होय?"

"तेवढ्यानं नाही," ती म्हणाली. "अडकलेला माणूस काही चांगलाच असतो असं नाही. पण काच फुटली तेव्हा मी तुमच्याकडंच बघत होते. म्हटलं, हा आता आधी काचेकडं बघणार. साधा ओरखडा पडला तरी जेवायचं सोडणारा माणूस तुम्ही. बघितलं असतंत ना, तर मी तशीच घरात गेले असते, आप्पांनी मिनतवारी केली असती तरी परत आले नसते. तुम्ही बघितलंच नाही. फुटक्या काचा तुडवत सरळ पाय धरायला गेलात. ते बँडवाल्याचे निघाले म्हणून काय झालं, तुम्ही आप्पांचेच समजून धरले की."

ती उठून दिवा लावायला गेली. बाशिंग नाकावर आलेल्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे अगदी माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण इतकी वर्षं संसार केलेला माणूस काही अगदीच खुळा राहत नाही.

"खरं सांगू?" मी म्हटलं. "काच मला दिसलीच नाही."